‘संशयित चेहऱ्याचा इसम’ म्हणजे कोण? आमच्या ग्रामसभेला खुले पत्र

प्रति,
सरपंच ताई, उपसरपंच, पोलीस पाटील भाऊ, ग्रामरक्षक दलातली मुलं आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला बसणारे माझे सगळे गावकरी,

राम राम, जय भीम, सलाम.

ग्रामसभेची नोटीस परवा फळ्यावर लागली. त्यातला विषय क्रमांक ६ असा आहे: ‘गावात फिरणाऱ्या अनोळखी व संशयित चेहऱ्याच्या इसमांना प्रवेशबंदी करणे व अशा इसमांचे फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रसारित करणेबाबत.’ ती ओळ मी तिथेच उभ्याने तीनदा वाचली. ‘संशयित चेहरा’ हे दोन शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात. सभेत एकेकाला दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात माझं सांगून होणार नाही, म्हणून लिहून काढतो आहे.

मला तुम्ही ओळखता. ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. दारव्हा, दिग्रस, पुसद, आर्णी, कारंजा, यवतमाळ. मुक्कामी गाड्या, बाजाराच्या गाड्या, जत्रेच्या जादा गाड्या. अनोळखी तोंडं पाहणं हेच माझं रोजचं काम होतं. चेहरा पाहून माणूस ओळखता येतो असा भरवसा गावात कोणाला असेल, तर तो सगळ्यात जास्त मला होता. त्या भरवशावर माझ्या हातून काय घडलं ते पुढे सांगतो. आधी तान्ह्या पोळ्याच्या दिवसाबद्दल, कारण हा ठराव तिथूनच निघाला आहे.

त्या संध्याकाळी पाचच्या सुमाराला गुंतवळ, म्हणजे विंचरताना गळलेले केस, घेऊन वाट्या देणारा एक माणूस मोटरसायकलवर गावात आला. मागे स्टीलच्या वाट्यांची पाटी, हँडलला फुगे, पुढे केसांची पोतडी. मी मारुतीच्या ओट्यावर बसलो होतो, माझ्यासमोरूनच तो गेला. तोंडाची डावी बाजू खाली ओघळलेली, डावा डोळा मिटत नव्हता. माझ्याकडे पाहून तो हसला तेव्हा ओठ एकाच बाजूला ओढले गेले. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते आज सगळ्यांसमोर लिहितो: हा माणूस काही बरा दिसत नाही. त्याने अजून तोंडातून शब्दही काढला नव्हता.

लेकरं लाकडी नंदी घेऊन बोजारा मागत फिरत होती. फुगे पाहून ती त्याच्याभोवती जमली. कोणाची तरी आजी म्हणाली, ‘थो पाय, पोरायले बोलावून रायला,’ आणि दहा मिनिटांत तिथे चाळीस-पन्नास माणसं झाली. ‘थोबाडच सांगून रायलं ना बे, पोरं पळवणारा हाय थो.’ हे कोण म्हणालं ते मला माहीत आहे. नाव लिहीत नाही, कारण तेच माझ्याही मनात होतं. त्याची गाडी आडवी पाडली, वाट्या नालीत गेल्या, दोन थापडा बसल्या. तो सांगायला पाहत होता, पण अर्धं तोंड हलत नसल्यामुळे शब्द जड निघत होते, लाळ गळत होती. ते पाहून कोणी ओरडलं की हा पिऊन आला आहे. पाटील भाऊ बाहेरगावाहून येईपर्यंत पावणेदोन तास त्याला शाळेच्या वऱ्हांड्यात बसवून ठेवलं. अंधार पडल्यावर तोंडावर मोबाईलचा उजेड मारून पोरांनी फोटो काढले. पाटील भाऊंनी येऊन आधार कार्ड पाहिलं, त्याच्या घरी फोन लावला, बायकोशी बोलले आणि त्याला सोडलं. त्यांचे उपकार आहेत गावावर. जाताना तो एवढंच म्हणाला, ‘मागच्या साली तोंडावरून वारं गेलं जी. तवापासून असंच हाय.’

पावणेदोन तासांत त्याला कोणी पाणी विचारलं नाही. मी ओट्यावरून उठून वऱ्हांड्यापर्यंत गेलो होतो, पण मीही विचारलं नाही.

त्या रात्री मला जुनी गोष्ट आठवली. २०१७ चा सप्टेंबर. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, डोक्याएवढी वाढली होती, फवारा उलटून तोंडावर येत होता, आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. तुम्हाला सांगायला नको, आपल्याच शेजारच्या गावांतली होती. तेव्हा हे प्रकरण पेपरात नुकतं यायला लागलं होतं. एका फाट्यावर नवरा-बायकोने गाडीला हात दाखवला. माणूस धड उभा राहत नव्हता. अंगातून घाम वाहत होता, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. मी दारातूनच म्हणालो, ‘पिऊन चढायचं नाही,’ आणि डबल बेल दिली. गाडी हलली तशी ती बाई दाराच्या दांडीला लटकली. ‘दारूले शिवत नाई जी थो. सकायपासून फवारून रायला.’ ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून ती वाचली. मग गाडी मधल्या थांब्यांवर न थांबवता यवतमाळला नेली, सरकारी दवाखान्यात त्याला उचलून ठेवलं. डॉक्टरने बॅटरी मारून त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. फवारणीच्या विषाची ती खूण असते, दारूची नाही. मी त्याच्या तोंडासमोर उभा होतो, पण माझ्यासाठी तो दारुडा ठरून गेला होता. तो जगला. त्याच्या बायकोने दार सोडलं असतं तर मी आज हे पत्र कोणत्या तोंडाने लिहिलं असतं?

माझी मुलगी अमरावतीला कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. पोळ्याला ती माहेरी आली होती. वऱ्हांड्यातला प्रकार तिला सांगितला तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला तसं वाटलं ते काही तुम्ही बोलावून आणलं नव्हतं. पण आल्यावर त्याला बसायला पाट तुम्हीच दिला.’ मग तिने जे समजावलं ते मला पटलं, म्हणून तुमच्यापुढे ठेवतो.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह या दोघांनी २००६ साली एक प्रयोग छापला. लोकांना अनोळखी माणसांचे चेहरे दाखवले, कोणाला सेकंदाचा दहावा भाग, कोणाला त्याहून जास्त वेळ, आणि विचारलं, हा माणूस विश्वासाचा वाटतो का, तापट वाटतो का, हुशार वाटतो का. सेकंदाच्या दहाव्या भागात, म्हणजे तिकिटाला चिमटा मारायला लागतो त्याहून कमी वेळात, लोकांनी मत बनवून टाकलं. सवडीने पाहणाऱ्यांचं मतही बरंचसं तेच निघालं. जास्त वेळ मिळाल्यावर मुख्यतः एक गोष्ट वाढली: आपण बरोबर आहोत याची खात्री. हे ऐकल्यावर मला वऱ्हांडा दिसला. पावणेदोन तास आपण त्याची पारख करत होतो असं आपल्याला वाटलं. खरं तर पहिल्याच नजरेत जे ठरलं होतं त्याला आपण खुंट्या मारत बसलो होतो.

असं का होतं याचंही उत्तर शोधणाऱ्यांनी बरंच शोधलं आहे. समोरच्याला राग आला आहे की तो खुशीत आहे हे ओळखल्याशिवाय माणसाचं चालत नाही. तान्हं मूलसुद्धा आईचा चेहरा वाचतं. पण ही नजर इतकी तयार झालेली असते की राग नसतानाही रागासारखी दिसणारी ठेवण पाहिली की ती सावध होते. कोणाच्या भुवया जन्मतःच खाली झुकलेल्या असतात, कोणाच्या ओठांचे कोपरे खाली वळलेले असतात, तो शांत बसला असला तरी आपल्याला खुनशी वाटतो. कोणाचं तोंड गोल, डोळे मोठे, लहान मुलासारखे, तो आपल्याला भोळा वाटतो. राग आत्ताचा असतो, ठेवण जन्माची असते, आणि आपण एकीला दुसऱ्याच्या जागी वाचतो. ज्याच्या तोंडाची एक नस मेली आहे त्याचं तर हसूही अर्धं उमटतं. तो माझ्याकडे पाहून हसला होता. मी त्याचं हसू वाचलंच नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सभेत कोणी नक्की म्हणेल की एकट्यादुकट्याला नाही, सगळ्या गावालाच तो तसा वाटला, पन्नास माणसं चुकतील का? हे मलाही खूप वजनदार वाटत होतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठाच्या जॉन अँटोनाकिस आणि ओलाफ डाल्गास यांचा २००९ सालचा एक अभ्यास आहे. त्यांनी पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना दोन-दोन चेहरे दाखवले आणि विचारलं, तुम्हाला लांबच्या सफरीला जायचं आहे, यातला कोण तुमच्या जहाजाचा कप्तान व्हावा? ते चेहरे फ्रान्समधल्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या उमेदवारांचे होते. मुलांना ते कोण, कुठले, काही माहीत नव्हतं. त्यांनी निवडलेला चेहरा दहातून सात वेळा निवडून आलेल्या उमेदवाराचाच निघाला. म्हणजे तिथल्या मोठ्या मतदारांचा कौल आणि ‘कप्तान शोभेल’ असं म्हणणाऱ्या लेकराची नजर बरीचशी एकाच वाटेने गेली. पण तो उमेदवार पुढे काम कसं करतो ते त्या चेहऱ्यात कुठे होतं? पन्नास जणांना एकच वाटतं, कारण पन्नास जणांचे डोळे एकाच पद्धतीने वळण घेतात. ते पन्नास पुरावे होत नाहीत. एकच अंदाज पन्नास तोंडांतून निघतो, आणि मधोमध उभ्या असलेल्या माणसाला वाटतं की सगळं जग आपल्याविरुद्ध साक्ष द्यायला आलं आहे.

कोर्टसुद्धा यातून सुटत नाही. टोरांटो विद्यापीठाच्या विल्सन आणि रूल यांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या खुनाच्या कैद्यांचे फोटो लोकांना दाखवले. ज्यांना फाशीची शिक्षा झाली होती त्यांचे चेहरे, जन्मठेप झालेल्यांपेक्षा, लोकांना कमी विश्वासाचे वाटले. पुढे त्यांनी निर्दोष म्हणून सुटलेल्यांचेही फोटो पाहिले. ज्यांनी गुन्हा केलाच नव्हता त्यांच्यातही ज्यांना फाशी सुनावली होती त्यांचे चेहरे लोकांना कमी विश्वासाचे वाटले. वकील, साक्षी, पुरावे सगळं असताना असं होत असेल, तर आपल्या शाळेच्या वऱ्हांड्यात काय होईल?

फोटोबद्दल एक सांगतो, कारण ठरावात फोटो टाकायचं लिहिलं आहे. एकाच माणसाच्या दोन फोटोंवरून लोक दोन वेगळी मतं बनवतात, हेही तपासून झालेलं आहे. त्या रात्रीचा फोटो पुन्हा पाहा. खालून काढलेला, डोळ्यांवर उजेड, गालावर थापडीचा वळ, घाबरून विस्फारलेला उजवा डोळा. तसा फोटो तुमचा-माझा काढला तरी गाव आपल्याला दारात उभं करणार नाही. तो फोटो ‘पोरं पळवणारी टोळी, सावध राहा’ असं लिहून पुढे गेला आहे. पोळ्याच्या चौथ्या दिवशी मला तो नेरकडच्या पाहुण्याने पाठवला. त्या माणसाचं पोट वाट्यांवर आहे. तो आता कोणत्या गावात शिरेल?

१८७६ साली इटलीत सेझारे लोंब्रोसो नावाच्या डॉक्टरने एक पुस्तक काढलं आणि सांगितलं की जन्मजात गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो, जबडा असा, कपाळ तसं, कान असे. जगभर लोकांनी ते डोक्यावर घेतलं. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग या तुरुंगाच्या डॉक्टरने सुमारे तीन हजार कैद्यांची मापं घेऊन १९१३ साली दाखवलं की गुन्हेगाराची अशी वेगळी शारीरिक जातच नसते. पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. आपल्याकडे तर इंग्रजांनी त्याच्याही आधी, १८७१ मध्ये, आख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. आपल्या नाल्यापलीकडच्या पारधी बेड्यावर जाऊन विचारा, तो खरंच रद्द झाला का. गावात मोटरचा केबल गेला की पहिली नजर कुठे जाते, हे मी सांगायची गरज नाही.

आणि त्याच १८७६ च्या फेब्रुवारीत आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात गाडगेबाबा जन्मले. डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या, हातात खराटा. गावात शिरले की कोणाला न विचारता झाडायला लागायचे. रूप पाहून लोकांनी त्यांना वेडा, भिकारी समजून हुसकलंही आहे. माझ्या आजोबांनी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं, ते सांगताना त्यांचा गळा भरून यायचा. विषय क्रमांक ६ मंजूर झाला आणि तसा कोणी माणूस आपल्या वेशीवर आला, तर ग्रामरक्षक दलाच्या मुलांनी काय करायचं, हे ठराव मांडणाऱ्यांनी सभेत उभं राहून सांगावं.

राईनपाड्याचं नाव तुम्ही विसरला नसाल. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, आठवडी बाजाराचा रविवार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन जिवानिशी मारलं. ते पाचही जण एसटीतून उतरले होते. हे वाचल्यापासून मला तो कंडक्टर दिसतो. त्याने त्यांना तिकीट फाडून दिलं असेल, सुटे पैसे परत केले असतील, ‘चला, उतरा’ म्हणाला असेल. त्याच्यासाठी ते पाच साधे प्रवासी होते. गाडीची पायरी उतरून दोन पावलं गेल्यावर ते टोळी झाले.

लेकरांची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. माझीही नातवंडं त्याच गल्लीत खेळतात. सावध राहावं, अनोळखी माणसाला विचारावं. माझं म्हणणं एवढंच की विचारायचं तर सगळ्यांना विचारा. आपल्या गावाला आजवर सगळ्यात मोठा फटका कोणी दिला ते आठवा. क्विंटलमागे शंभर रुपये जास्त देतो म्हणून चाळीस घरांचं सोयाबीन भरून नेणारा व्यापारी. गोरा, हसरा, इस्त्रीचा शर्ट, म्हाताऱ्यांना ‘काकाजी’ म्हणून पाया पडायचा. त्याचा आधार नंबर कोणी मागितला नाही. ‘चेहऱ्यावरूनच सज्जन वाटते’ असं म्हणून मीच माझ्या भावाला त्याच्याकडे पाठवलं होतं. तीन वर्षं झाली, पैसा आला नाही. ज्याच्या तोंडावरून वारं गेलं त्याला थापडा, आणि ज्याने घरं बुडवली त्याला चहा.

गाडीत आम्हाला एक शिस्त होती: पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत, प्रत्येकाला, तिकीट. साहेब असो, साधू असो, ओळखीचा असो. नव्या नोकरीत मी तोंड पाहून मागायचो. फवारणीच्या त्या दिवसानंतर शेवटची दोन वर्षं मी कोणाच्या तोंडाकडे पाहून काही ठरवलं नाही, आणि माझं काम त्यामुळे कधी अडलं नाही.

म्हणून माझी विनंती अशी. विषय क्रमांक ६ मागे घ्यावा. देशात कुठेही फिरण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे, गावाच्या ठरावाने तो काढून घेता येत नाही, हे ग्रामसेवक साहेबही सांगतील. त्याच्या जागी हे लिहावं: ‘विक्री, खरेदी, दुरुस्ती, कर्ज, विमा वा कोणत्याही कामासाठी गावात येणाऱ्या बाहेरच्या प्रत्येक व्यक्तीला नाव, गाव व काम विचारून ग्रामपंचायतीच्या वहीत नोंद करावी. ही विचारपूस सर्वांना सारखीच व नम्रपणे करावी. शंका आल्यास पोलीस पाटलांना किंवा ११२ वर कळवावे. कोणीही हात उचलू नये व कोणाचाही फोटो प्रसारित करू नये.’ मोटारीने येणाऱ्यालाही वही दाखवायची, पायी येणाऱ्यालाही. वही सांभाळायला कोणी नसेल तर मी बसतो. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत मला दुसरं काम नाही.

ग्रामरक्षक दलातल्या मुलांनो, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही धावलात ते लेकरांसाठीच. पण तो फोटो ज्याने टाकला त्याने ग्रुपवरून तो काढावा. आणि ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी तिथे तिथे लिहावं की हा माणूस निर्दोष आहे, आमच्या गावाची चूक झाली. हे लिहायला दोन मिनिटं लागतात. तुम्हाला जमलं नाही तर मजकूर मी लिहून देतो.

शेवटचं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतल्या चार पोरांना घेऊन मी नालीत उतरलो होतो. सतरा वाट्या सापडल्या. घरी नेऊन राखेने घासल्या. दोघींना पोचे आले आहेत, बाकी चांगल्या आहेत. एका फडक्यात बांधून ठेवल्या आहेत. पाटील भाऊ, त्याच्या बायकोचा नंबर तुमच्या फोनमध्ये असेल. तो मला द्या. सभा झाली की येत्या रविवारी मी त्याच्या गावी जाणार आहे, वाट्या द्यायला आणि माफी मागायला. कोणाला यायचं असेल त्याने सकाळी साडेसातच्या गाडीला फाट्यावर यावं.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
मारुतीच्या ओट्याशेजारचं घर, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ